रोजच्या धावपळीत ध्यान: पाच मिनिटांपासून सुरुवात

ध्यान करायचं ठरवणाऱ्या बहुतेकांचा उत्साह तिसऱ्या-चौथ्या दिवशी ओसरतो आणि त्याची कारणं ठरलेली असतात. पहिल्याच दिवशी अर्धा तास बसायचा बेत असतो. वेळ ‘जमेल तेव्हा’ असते. आणि डोळे मिटले की मन शांत व्हायला हवं, अशी अपेक्षा असते. होतं उलटंच. गॅसचा नंबर लावायचा राहिला, साहेब काल असं का बोलले, मुलीची फी कधी भरायची, हे सगळं नेमकं तेव्हाच वर येतं. मग ‘हे आपलं काम नाही’ म्हणून विषय संपतो.

हा लेख पूर्वी कधी ध्यान न केलेल्या आणि नोकरी, घर, प्रवास यांत दिवस भरून गेलेल्या माणसासाठी आहे. साहित्य फारसं लागत नाही. घडी घातलेली जाड सतरंजी किंवा खुर्ची, गजर लावायला फोन आणि रोज पाच मिनिटं पुरतात. उदबत्ती, मंद संगीत, वेगळी खोली, पैसे भरून घेतलेलं अ‍ॅप यांतलं काहीच लागत नाही.

मन भटकणारच

पद्धत साधी आहे. येणाऱ्या-जाणाऱ्या श्वासाकडे लक्ष द्यायचं. थोड्या वेळाने लक्ष दुसरीकडे जातं. ते गेलंय हे कधीतरी ध्यानात येतं. मग स्वतःवर न चिडता ते परत श्वासावर आणायचं. लक्ष गेलंय हे कळणं आणि ते परत आणणं, हाच सगळा सराव आहे. पाच मिनिटांत मन वीस वेळा गेलं आणि वीस वेळा परत आणलं, तर सराव वीस वेळा झाला. ती बैठक बिघडली असं मुळीच नाही. उलट नवशिक्याला ‘आज मन एकदाही हललं नाही’ असं वाटलं, तर बहुधा तो मधला वेळ विचारांत बुडालेला होता आणि ते त्याला कळलंच नाही.

भटकणं हा कुणा एकाचा दोषही नव्हे. हार्वर्ड विद्यापीठातल्या दोन मानसशास्त्रज्ञांचा २०१० साली प्रसिद्ध झालेला एक अभ्यास आहे. त्यांनी सुमारे २,२५० लोकांना दिवसभरात अधूनमधून फोनवरून विचारलं की, आत्ता तुमचं लक्ष हातातल्या कामावर आहे का. जवळपास ४७ टक्के वेळा ते दुसरीकडेच होतं. डोळे मिटून बसल्यावर आपल्याला जे दिसतं ते एरवीही चालूच असतं, फक्त तेव्हा आपण तिकडे बघत नसतो.

वेळ घड्याळाला नको, कामाला बांधा

‘रोज सकाळी साडेसहाला’ असं ठरवलं की एक दिवस पाणी उशिरा येतं, एक दिवस दूधवाला थांबवून ठेवतो आणि साडेसहा टळले की त्या दिवसाचं ध्यान गेलंच. त्याऐवजी रोज हमखास होणारं एक काम निवडा आणि ध्यान त्याला जोडा. तोंड धुतल्यावर, चहाचं आधण ठेवायच्या आधी. आंघोळ करून देवापुढे दिवा लावल्यावर, तिथेच. मुलांना शाळेच्या बसमध्ये बसवून घरी परतल्यावर, चप्पल काढल्या काढल्या. ऑफिसच्या आवारात गाडी लावल्यावर, हेल्मेट काढून, वर जाण्याआधी.

काही जागा मात्र हमखास फसतात. ‘रात्री सगळं आवरल्यावर’ ठरवलं तर झोप लागते. ‘ऑफिसातून आल्यावर’ ठरवलं तर येण्याची वेळ रोज वेगळी असते आणि पोटात भूक असते. पोटभर जेवणानंतर दोन तास तरी बसू नका, डोळे जड होतात. आणि सकाळी उठल्या उठल्या फोन हातात घेतला असेल, तर त्यानंतरची पाच मिनिटं तिथे वाचलेलं निवळण्यातच जातात. त्यामुळे बसणं आधी, फोन नंतर.

सवय लागायला किती दिवस लागतात, हा प्रश्न हमखास येतो. एकवीस दिवसांचं जे सांगितलं जातं त्यावर फार विसंबू नका. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधल्या संशोधकांनी ९६ जणांच्या रोजच्या सवयींचा अभ्यास केला, तेव्हा एखादी गोष्ट आपसूक व्हायला लागण्याचा काळ साधारण ६६ दिवस निघाला, आणि माणसागणिक तो १८ पासून २५४ दिवसांपर्यंत बदलला. मध्ये एखादा दिवस चुकल्याने फारसा फरक पडला नाही, हेही त्यांना दिसलं. म्हणून दोन महिने तरी निकाल लावायचा नाही, असं मनाशी ठरवूनच सुरुवात करा.

बसायचं कसं

पतंजलींनी आसनाला दोनच अटी घातल्या आहेत: ते स्थिर असावं आणि सुखकर असावं. पद्मासन घातलंच पाहिजे असं काही नाही. साधी मांडी चालते, खुर्चीही चालते.

जमिनीवर बसणार असाल तर सपाट सतरंजीवर बसू नका. सतरंजीची किंवा चादरीची तीन-चार इंच जाड घडी करा आणि फक्त बैठकीखाली घ्या, पाय खाली जमिनीवर राहू द्या. गुडघे कमरेपेक्षा थोडे खाली आले पाहिजेत. ते वर राहिले तर कंबर मागे कलते, पाठीला बाक येतो आणि चार मिनिटांत कमरेच्या खालच्या भागात दुखायला लागतं. ‘मला मांडीच घालता येत नाही’ म्हणणाऱ्या बऱ्याच जणांची अडचण एवढ्या घडीने सुटते. गुडघा जमिनीला टेकत नसेल तर त्याच्याखाली उशी सरकवा.

गुडघेदुखी असेल, वजन जास्त असेल, गरोदरपण असेल, तर सरळ खुर्ची घ्या. प्लॅस्टिकच्या खुर्चीची बैठक मागे उतरती असते, म्हणून पुढे सरकून बसा आणि पाठ टेकवू नका, किंवा कमरेमागे उशी ठेवा. दोन्ही तळपाय पूर्ण टेकले पाहिजेत. टेकत नसतील तर खाली पाट ठेवा.

पाठ ताठ, पण छाती फुगवलेली नको. हनुवटी किंचित आत. तळहात मांड्यांवर. डोळे मिटा, किंवा झोप येत असेल तर अर्धवट उघडे ठेवून तीन-चार फुटांवर जमिनीकडे नजर सोडा. आडवं पडून श्वासाचं ध्यान करू नका, त्याला वेगळा प्रकार आहे, तो पुढे दिला आहे.

पहिली पाच मिनिटं

१. फोन विमान मोडवर टाका, पाच मिनिटांचा गजर लावा, आवाज हलका ठेवा आणि फोन हात पोहोचणार नाही इतका लांब ठेवा. जवळ असला की ‘किती मिनिटं राहिली’ हे बघायला हात जातोच.

२. दोन-तीन लांब श्वास घ्या आणि सोडा. सोडताना खांदे, जबडा आणि पोट सैल सोडा. जबडा तर आवर्जून तपासा. दिवसभर दात आवळलेले असतात आणि ते जाणवतही नाही. यानंतर मुद्दाम श्वास घ्यायचा नाही. तो आपल्या गतीने चालू दे.

३. श्वास सगळ्यात स्पष्ट कुठे जाणवतो ते शोधा. नाकपुड्यांच्या कडांवर, वरच्या ओठावर, छातीत किंवा पोटाच्या हालचालीत. एक जागा ठरवा आणि आठवडाभर तीच ठेवा. रोज जागा बदलली तर सगळा वेळ शोधण्यात जातो.

४. प्रत्येक उच्छ्वासाला मनात एक आकडा म्हणा. एकपासून दहापर्यंत, मग पुन्हा एक. स्वस्थ बसलेल्या प्रौढ माणसाचे श्वास मिनिटाला बारा ते वीस असतात, म्हणजे पाच मिनिटांत दहाची सहा ते दहा आवर्तनं होतील. आकडा विसरला तर एकपासून सुरू करा. ‘सतरा’वर असल्याचं लक्षात आलं, तर मोजणी आपोआप चालली होती आणि तुम्ही तिथे नव्हतात. तेव्हाही एकपासूनच.

५. मन गेलंय हे कळलं की त्याला एकच शब्द द्या: ‘विचार’, ‘आवाज’, ‘आठवण’, ‘दुखणं’, जे असेल ते. आणि परत या. तो विचार का आला, याच्या मागे लागलात की तोच पुढचा विचार होतो.

६. गजर झाला की उडी मारून उठू नका. डोळे मिटलेलेच ठेवून आणखी दोन श्वास घ्या, तळव्यांना सतरंजीचा स्पर्श जाणवू दे, मग डोळे उघडा. आता पुढे काय करायचंय ते एकदा स्वतःशी म्हणा, ‘आता चहा’, आणि उठा. ही शेवटची पायरी लहान वाटते म्हणून लोक गाळतात. पण बसण्यातली सजगता पुढच्या कामात उतरते ती इथूनच.

बसल्यावर काय बिघडतं

*श्वास अवघडतो.* लक्ष दिलं की श्वास कृत्रिम होतो, छाती भरल्यासारखी वाटते, दम लागल्याचा भास होतो. नवशिक्यांत हे सर्रास होतं. कारण सोपं आहे: आपण श्वास बघता बघता तो चालवायला लागतो. अशा वेळी लक्ष उच्छ्वासाच्या शेवटावर न्या आणि पुढचा श्वास आपणहून कधी येतो त्याची वाट बघा. तरीही घुसमटत असेल तर श्वास सोडून द्या. तळहातांचा मांडीला होणारा स्पर्श घ्या, किंवा आजूबाजूचे आवाज घ्या. लक्ष कशावर आहे यापेक्षा ते परत येतंय का, हे महत्त्वाचं. सर्दीने नाक चोंदलं असेल तर पोटावर हात ठेवा आणि पोट वर-खाली होताना बघा.

*झोप येते.* आधी पाठ तपासा, ती वाकलेली असेल. डोळे अर्धे उघडा. तरी डुलकी येत असेल तर उठून उभं राहा आणि उरलेली मिनिटं उभ्यानेच करा. रोजच झोप येत असेल तर रात्रीची झोप पुरत नाहीये. पाच तास झोपणाऱ्या माणसाने पहाटे चारला उठून ध्यान करण्यात अर्थ नाही. त्याने आधी झोप पूर्ण करावी.

*खाज, डास, मुंग्या.* खाज आली की लगेच खाजवू नका. तीन श्वास तिच्याकडेच बघा. ती नेमकी कुठे आहे, वाढतेय की हलतेय? बऱ्याचदा ती विरते. नाही विरली तर सावकाश हात नेऊन खाजवा आणि परत या. डास चावत असतील तर मात्र सहन करत बसायचं कारण नाही, पंखा लावा किंवा जागा बदला. पायाला मुंग्या येतात त्या बहुतेक वेळा नसेवर दाब पडल्यामुळे. पाय मोकळा करा आणि पूर्ण जाग आल्याशिवाय उभं राहू नका, बधिर पायावर उठल्याने घोटा मुरगळतो. गुडघ्यात कळ आली तर ती बघत बसू नका, त्याच क्षणी बैठक बदला.

*भन्नाट कल्पना सुचतात.* आठवडाभर न सुचलेली गोष्ट इथे सुचते आणि विसरेल म्हणून धाकधूक होते. कागद-पेन शेजारी ठेवा, पण लिहायचं ते गजर झाल्यावरच. मध्येच उठून एकदा लिहिलंत की दुसऱ्या दिवशी मन कल्पना घेऊनच बसतं.

*घरात शांतता नसते.* वन बीएचकेमध्ये शेजारी मालिका, वर ड्रिल मशीन, बाहेर मांडवातला स्पीकर. शांततेची वाट बघत बसाल तर बसणं होणारच नाही. आवाजालाच लक्षाचा विषय करा. तो जवळचा की लांबचा, कधी सुरू झाला, कधी थांबला, एवढंच ऐका. ‘काय बोलतायत’ हे ऐकायला लागलात की शब्द द्या, ‘ऐकणं’, आणि परत या. घरच्यांना मात्र ‘पाच मिनिटं मला हाक मारू नका’ हे आधी सांगून ठेवा. मूल मांडीवर येऊन बसलं तर त्या दिवसाची बैठक संपली. त्याला ओरडून बसण्यापेक्षा त्याला जवळ घ्या.

*फार छान वाटतं.* ही सगळ्यात फसवी अडचण आहे. एखाद्या दिवशी अंग हलकं होतं, वेळ कळत नाही. दुसऱ्या दिवशी माणूस तेच शोधत बसतो, ते मिळत नाही आणि हिरमोड होतो. छान वाटणं यालाही इतर सगळ्यासारखा एक शब्द द्या आणि श्वासावर या. प्रकाश दिसला का, कंपनं जाणवली का, अशी चौकशी इतरांकडे करू नका.

चालत्या दिवसात

सकाळची पाच मिनिटं हा पाया. उरलेल्या दिवसात सजगता आणायची तर तिला नवीन वेळ काढायचा नाही, असलेल्या कामातच ती बसवायची. खालचे सगळे प्रकार एकदम सुरू करू नका. एका आठवड्याला एकच.

चहापासून सुरुवात करणं सोपं जातं. संपूर्ण चहा सावकाश प्यायचं ठरवलंत तर ते दोन दिवस टिकेल. फक्त पहिले तीन घोट घ्या. फोन पालथा, पेपर बाजूला. कप उचलताना बोटांना कडेची धग कुठपर्यंत लागते ते बघा. ओठांजवळ आणल्यावर वाफ नाकाच्या शेंड्याला लागते, तिच्याबरोबर आधी आल्याचा वास येतो की वेलचीचा? घोट जिभेवर आल्यावर गोडी कुठे लागते, आलं घशात कुठे झोंबतं, गिळल्यावर तोंडात काय उरतं आणि किती वेळ? पुढचा घोट घ्यायला हात कधी निघतो, तेही बघा. बहुतेकांचा हात पहिला घोट गिळायच्या आधीच निघालेला असतो. तीन घोट झाले की पेपर उघडा, गप्पा मारा.

स्वयंपाकघरात कुकरची शिट्टी ही हक्काची घंटा आहे. शिट्टी झाली की हातातलं काम क्षणभर थांबवून एक पूर्ण श्वास. डाळ-भाताला तीन शिट्ट्या, म्हणजे तीन श्वास. भांडी घासताना पाण्याचं तापमान, साबणाचा निसरडेपणा, ताटाच्या कडेवर फिरणारी बोटं. सगळी भांडी नकोत, पहिली पाच पुरेत. विळी किंवा सुरी हातात असताना मात्र श्वासाकडे जाऊ नका, लक्ष पात्यावरच हवं.

लोकलमध्ये बसायला मिळालं तर उत्तमच, पण उभ्यानेही होतं. दोन स्थानकांमधला वेळ हा एक टप्पा धरा. दोन्ही तळपायांवर शरीराचा भार कसा आहे, गाडी ब्रेक लावते तेव्हा तो टाचेवर जातो की बोटांवर, कडी धरलेल्या हातात किती जोर आहे, यावर लक्ष ठेवा. कडी बहुधा गरजेपेक्षा घट्ट धरलेली असते, खांदे कानापर्यंत चढलेले असतात. ते सोडा. स्थानक आलं की लक्ष बाहेर. दारात उभे असाल, गर्दी रेटत असेल, सामान सांभाळायचं असेल, तर डोळे उघडेच ठेवा. बाईक किंवा गाडी चालवताना श्वास बघणं पूर्णपणे टाळा. तिथे रस्ता, आरसे आणि ब्रेक यांवर लक्ष असणं हेच ध्यान. सिग्नलला थांबल्यावर एक श्वास घेतलात तरी पुरे.

कामाच्या ठिकाणी दोन जागा धरा. फोन वाजला की लगेच उचलू नका, दोन रिंग होऊ द्या, तेवढ्यात एक श्वास पूर्ण सोडा, मग ‘हॅलो’ म्हणा. पलीकडच्या माणसाला तुमच्या आवाजातला फरक कळतो. दुसरी जागा म्हणजे रागात लिहिलेला मेल किंवा व्हॉट्सअ‍ॅपचा निरोप. लिहा, पण पाठवायच्या बटणावरून अंगठा उचला, तीन श्वास सोडा, एकदा वाचा. नंतर पाठवायचा असेल तर जरूर पाठवा.

बैठकीच्या किंवा मुलाखतीच्या आधी छातीत धडधडत असेल तर नुसतं बघण्याऐवजी श्वास थोडा चालवायला हरकत नाही: चार आकड्यांत आत, सहा आकड्यांत बाहेर, दोन मिनिटं. उच्छ्वास लांबला की हृदयाचे ठोके किंचित मंदावतात, शरीराची ती नैसर्गिक रचनाच आहे. हे शांत होण्याचं तंत्र झालं, रोजच्या बैठकीची जागा ते घेऊ शकत नाही. श्वास रोखून धरू नका, चक्कर आली तर थांबा.

ज्यांना बसणं अजिबात सोसत नाही त्यांच्यासाठी चालणं आहे. बौद्ध परंपरेत चालणं, उभं राहणं, बसणं आणि आडवं होणं या चारही स्थिती सरावाच्याच मानतात. गच्चीवर, गॅलरीत किंवा हॉलमध्ये दहा-बारा पावलांची सरळ रेषा ठरवा. अनवाणी, नेहमीच्या निम्म्या वेगाने चाला. टाच उचलली, पाय पुढे गेला, टेकला, भार आला. टोकाला पोहोचलात की थांबा, एक श्वास, वळा. फार हळू चाललात तर तोल जातो आणि सगळं लक्ष तोल सांभाळण्यात जातं. तसं झालं तर वेग वाढवा. सोसायटीत लोक बघतील असं वाटत असेल तर नेहमीच्या वेगाने चाला आणि फक्त डावं पाऊल टेकताना लक्ष द्या.

राग आल्यावर

खरी परीक्षा इथे असते, आणि नवशिक्याने इथे फार अपेक्षा ठेवू नये. सुरुवातीला राग येऊन गेल्यावर दहा मिनिटांनी कळेल की अरे, आपण चिडलो होतो. तेही चालेल. काही आठवड्यांनी बोलता बोलता कळेल, आणि कधीतरी तोंड उघडायच्या आधी.

करायचं असं: मनात ‘राग आहे’ म्हणा. ‘मी रागावलोय’ म्हटलं की पाठोपाठ ‘कारण ती तसं वागली’ हे सुरू होतं, म्हणून ते नको. मग राग शरीरात शोधा. कान तापलेत का, जबडा आवळलाय का, पोटात गोळा आहे का, मुठी वळल्यात का? जिथे सापडेल तिथे तीन उच्छ्वासांपर्यंत लक्ष ठेवा. मुलाने अभ्यास केला नाही म्हणून ओरडायचंच असेल तर तीन उच्छ्वासांनंतरही ओरडता येतं. सजगता म्हणजे राग गिळणं नव्हे. जे बोलायला हवं ते बोलायचंच, पण आपण बोलतोय हे माहीत असताना. आणि घरात जर कुणी मारहाण किंवा सतत अपमान करत असेल, तर तिथे श्वास बघत सोसत राहू नका, मदत मागा.

रात्री, अंथरुणावर

आडवं पडून करायचा प्रकार म्हणजे शरीरावरून लक्ष फिरवणं. पाठीवर पडा, हात अंगापासून थोडे लांब, गुडघ्यांखाली उशी घेतली तर कंबर टेकते. डाव्या पायाच्या बोटांपासून सुरू करा: बोटं, तळवा, टाच, घोटा, पोटरी, गुडघा, मांडी. मग उजवा पाय तसाच. मग कंबर, पोट, पाठ, छाती, दोन्ही हात बोटांपासून खांद्यांपर्यंत, मान, चेहरा, टाळू. प्रत्येक जागी दोन-तीन श्वास. ऊब, थंडी, कपड्याचा स्पर्श, ठणका, किंवा काहीच नाही, जे असेल ते. ‘काहीच नाही’ हीसुद्धा नोंदच आहे. सगळं मिळून पंधरा-वीस मिनिटं होतात. दिवसभर खुर्चीत बसणाऱ्यांना बहुधा मानेत आणि डोळ्यांभोवती इतका ताण सापडतो की तेच आश्चर्य वाटतं. मध्येच झोप लागली तर लागू द्या, रात्रीचं हे झोपेसाठीच आहे. दिवसाच्या बैठकीत मात्र ते धरू नका.

वाढवायचं कसं

पहिले दोन आठवडे रोज पाच मिनिटं, मोजणीसह. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात आठ ते दहा. मोजणी कंटाळवाणी वाटायला लागली की ती सोडून नुसता श्वास, पण मन फार सैरभैर असेल त्या दिवशी पुन्हा मोजणी. दुसऱ्या महिन्यात पंधरा. वीसच्या पुढे जायची घाई नको. पाच मिनिटं चार दिवस चुकवून रविवारी एक तास बसण्याचा फायदा होत नाही, उलट तो तास इतका जड जातो की सोमवारी बसवत नाही. अगदीच वेळ नसेल त्या दिवशी ठरलेल्या जागी बसून दहा श्वास मोजा आणि उठा, म्हणजे सवय मोडत नाही. दिनदर्शिकेवर बसलेल्या दिवशी एक टिंब करा. मिनिटं, गुण, ‘आज किती शांत वाटलं’ असलं काही लिहू नका. सलग आठ दिवस चुकले असतील तर पंधरा मिनिटांवर परत जायचा हट्ट सोडा आणि पाचपासून सुरू करा.

कुणी जपून करावं

ध्यान निरुपद्रवी असतं असं सरसकट म्हणणं बरोबर नाही. गंभीर नैराश्य, भ्रम किंवा भास होण्याचा आजार, बायपोलर, वारंवार येणारे पॅनिक अ‍ॅटॅक, अपघात किंवा अत्याचाराच्या आठवणींचा त्रास, यांपैकी काही असेल तर आधी मानसोपचारतज्ज्ञांशी बोला. डोळे मिटून आत बघताना या गोष्टी उसळून येऊ शकतात. बसल्यावर भीती दाटून आली, अंग थरथरलं, जुनी घटना डोळ्यांपुढे आली, तर नेटाने बसून राहू नका. डोळे उघडा, खोलीतल्या पाच वस्तूंची नावं मोठ्याने म्हणा, पाय जमिनीवर दाबा, पाणी प्या, कुणाशी तरी बोला. असं पुन्हा पुन्हा होत असेल तर बसणं थांबवून डॉक्टरांकडे जा. ‘टेलि-मानस’ ही केंद्र सरकारची मानसिक आरोग्याची मोफत हेल्पलाइन १४४१६ या क्रमांकावर आहे. रक्तदाब, मधुमेह, थायरॉइड किंवा नैराश्याच्या गोळ्या ध्यान सुरू केलं म्हणून कमी करू नका.

पुढे शिकायचं असेल तर

दोन-तीन महिने घरी बसणं जमलं की शिक्षकाकडे शिकण्याचा उपयोग होतो. त्याआधी गेलात तरी चालतं, पण दहा-दहा तासांची बैठक अंगावर येते.

महाराष्ट्रात त्यासाठी सगळ्यांच्या तोंडी असलेलं ठिकाण म्हणजे इगतपुरीचं धम्मगिरी, विपश्यना या ध्यानपद्धतीचं केंद्र. सत्यनारायण गोएंका म्यानमारमध्ये सयाजी ऊ बा खिन यांच्याकडे विपश्यना शिकले, १९६९ साली भारतात आले आणि पहिलं शिबिर त्यांनी मुंबईत घेतलं. या परंपरेतली निवासी शिबिरं दहा दिवसांची असतात आणि फी नसते, खर्च आधी शिबिर केलेल्यांच्या दानातून चालतो. पहाटे चारला घंटा होते, बोलणं बंद असतं, फोन जमा करावा लागतो. सुरुवातीचे तीन दिवस आनापान, म्हणजे नाकपुड्यांपाशी श्वास बघणं, आणि चौथ्या दिवसापासून शरीरावरच्या संवेदना बघणं. घरी श्वासाची ओळख झालेली असेल तर ते पहिले तीन दिवस बरेच सुसह्य होतात.

दुसरी वाट आठ आठवड्यांच्या अभ्यासक्रमाची. जॉन कबात-झिन यांनी १९७९ साली अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्रात दीर्घ दुखण्याच्या आणि ताणाच्या रुग्णांसाठी तो बांधला. आठवड्यातून एकदा साधारण अडीच तासांचा वर्ग आणि घरी रोज पाऊण तासाचा सराव अशी त्याची मूळ आखणी आहे. नोकरी न सोडता, रजा न घेता शिकायचं असेल तर हे सोयीचं पडतं, ऑनलाइन वर्गही असतात. नाव नोंदवण्याआधी शिक्षकाला तीन गोष्टी विचारा: स्वतः किती वर्षं सराव करता, कुणाकडे शिकलात, आणि वर्गात कुणाला त्रास झाला तर काय करता. तिसऱ्या प्रश्नाचं नीट उत्तर मिळालं नाही तर दुसरा वर्ग शोधा. शिबिर असो की वर्ग, अर्जात जुने मानसिक आजार आणि चालू औषधं विचारलेली असतात. तिथे काहीही न लपवता सगळं लिहा, आणि उत्तर आल्याशिवाय रेल्वेचं तिकीट काढू नका.